साडेतीनच्या गाडीचा सांगावा

आधी माझी चूक सांगतो. तात्या नावाच्या एका म्हाताऱ्या माणसाला मी जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत, खोटारडा म्हणालो. ते रागावले नाहीत, उलट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "पोचलं, साहेब." तात्या खोटं बोलत होते हे मी सिद्ध करून दाखवलं होतं, आणि त्या रात्री मला शांत झोपही लागली. ते नेमकं काय करत होते हे कळायला मला पुढे नऊ दिवस लागले.

दुष्काळाच्या त्या वर्षी मी शेवगावजवळच्या एका धर्मादाय वृद्धनिवासाचा व्यवस्थापक होतो. पाटीवर भलंमोठं संस्कृत नाव होतं. आसपासचे लोक 'म्हाताऱ्यांचं बोर्डिंग' म्हणत. दोन लांबट कौलारू खोल्या, एक पुरुषांची, एक बायकांची, आणि मध्ये लिंबाचं झाड. राहणारी माणसं अठरा. बहुतेक पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतली. दिवाळी झाली की त्यांची मुलं-सुना ऊस तोडायला कारखान्यांवर जात. उसाच्या फडात म्हातारं माणूस कुठं न्यायचं, म्हणून हंगामापुरतं इथं आणून ठेवत. काहींचा हंगाम चार-चार वर्षं संपला नव्हता.

माझं काम मी मन लावून करत असे. वेळेवर भाकरी, मग ती रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची का असेना. वेळेवर औषध, धुतलेली चादर, दर रविवारी डॉक्टर. म्हाताऱ्या माणसाला याहून जास्त काही लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तात्या उंच होते आणि वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे दिसत. सव्वातीन वाजले की ते खाकी कोट चढवत. कुणा एस. टी. ड्रायव्हरनं टाकून दिलेला कोट, त्याला पितळेचं एकच बटण उरलेलं. ते बटण चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेलं असे. डोक्याला पटका, हातात काठी. काठीच्या वरच्या टोकाला चार भोकं होती. ती कशाला, असं मी एकदा विचारलं.

"घुंगरं हुती," ते म्हणाले.

मग काय झालं त्यांचं?

"काढली. लोक दचकत्यात."

लोक घुंगरांना का दचकतील, हे मी पुढं विचारलं नाही. मला विचारायची सवयच नव्हती.

तयारी झाली की तात्या फाट्यावर जात. श्रीरामपूरहून शेवगावला जाणारी गाडी तिथं साडेतीनला येई. ते काठी आडवी धरून गाडी थांबवत, पण चढत कधीच नसत. कंडक्टरशी दारात अर्धा मिनिट बोलत आणि गाडीला जायची परवानगी देत. परत येताना मात्र त्यांची चाल बदले. भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखे सावकाश, इकडेतिकडे न बघता येत. वाटेत कुणी हटकलं तर हातानंच थांबवत. बोललो तर सांगावा सांडेल, असं त्यांचं म्हणणं.

तोवर लिंबाखाली सगळे जमलेले असत. कुणी वाती वळतंय, कुणी तंबाखू मळतंय. आपण वाट बघतोय असं कुणीच दाखवत नसे. तात्या एकासमोर जाऊन उभे राहत आणि म्हणत, "सांगावा हाय बरं का." सांगावा सांगून झाला की विचारत, "पोचलं का?" समोरच्यानं "पोचलं" म्हटल्याशिवाय ते जागचे हलत नसत. ही खोड त्यांना सगळीकडेच होती. स्वयंपाकीणबाईंना सांगत, आमटी पातळ हाय, पोचलं का? मला येऊन सांगत, कंदिलाची काच फुटली, पोचलं का? मी फायलीतून मान हलवली तर त्यावर भागत नसे. तोंडानं म्हणेपर्यंत ते टेबलासमोर खांबासारखे उभे. मला त्याचा वैताग येई.

त्यांचे सांगावे गोड नसत. प्रत्येकात काहीतरी कुरकुर असे आणि शेवटी काहीतरी विचारलेलं असे. मी एकदा हसून तसं म्हणालो, तर त्यांनी मला गंभीरपणे समजावलं. "तक्रारीबिगर सांगावा खोटा वाटतो, साहेब. आन इचारलेलं काय नसलं, तर मानसानं जबाब काय द्यायचा?"

आमच्याकडे एक निवृत्त तलाठी होते. शिक्का नसलेल्या कशावरही त्यांचा विश्वास नसे. त्यांना एकदा सांगावा आला की पुतणे बांधावरून भांडतायत, अण्णांनी कागद नीट ठेवले नाहीत म्हणून बोलतायत, आणि हद्दीचा दगड नक्की कुठं ते विचारलंय. तलाठीअण्णांनी आधी पुतण्यांचा उद्धार केला. मग माझ्याकडून कागद, पट्टी आणि लाल पेन्सिल मागून नेली आणि तीन दिवस नकाशा काढत बसले. त्या तीन दिवसांत त्यांनी गुडघेदुखीचा उच्चारसुद्धा केला नाही.

पण खरी गोष्ट आहे ती साळूबाईंची. त्यांचा एकुलता मुलगा भानुदास दोन वर्षांपूर्वी त्यांना ठेवून गेला तो पुन्हा आला नव्हता. हिवाळ्यात तात्यांनी त्यांना सांगावा आणला. "भानुदास म्हनतो, मी जाताना आईनं माज्याकडं धड बघितलं सुदीक न्हाई. आन इचारलंय, बियाची बाजरी गाडग्यात संगं आनलीय, तिला किडा लागाया लागला. राख कसली घालायची?"

साळूबाईंनी पदर सावरला. एवढा बाप्या झाला तरी राख कळत न्हाई, असं पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

तात्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते तीनदा सांगायला लावलं. जबाब ठरवायला त्यांना दोन दिवस लागले. गोवरीची राख, दोनदा चाळून, पण पुरती गार झाल्यावर. ऊन राख घातली तर बी मरतं. तात्यांनी तो जबाब शब्द न शब्द म्हणून दाखवला, कोट चढवला आणि फाट्यावर गेले. त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी भानुदासचं काहीतरी अडे, आणि साळूबाई ते सोडवून देत. त्या दीड भाकरी खाऊ लागल्या होत्या. मी ती गोष्ट माझ्या व्यवस्थेच्या खात्यावर जमा केली.

चैत्रात एका सकाळी साळूबाई गाठोडं बांधून फाटकाशी जाऊन बसल्या. हंगाम सरत आलाय, आता भानुदास न्यायला येईल, असं त्यांचं म्हणणं. ऊन चढलं तरी उठेनात. कसंबसं त्यांना पंगतीला आणलं, आणि मी तात्यांना विचारलं, भानुदास येणार असं त्यानं सांगितलंय का?

"न्हाई साहेब, तसं मी बोललो न्हाई."

मग त्यानं नक्की काय सांगितलंय?

तात्या पुढं वाकले. मग अगदी हळू म्हणाले, "त्यानं कवाच काय सांगितलं न्हाई."

ते मला एकट्याला ऐकू जावं एवढ्याच आवाजात बोलले होते. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मी मोठ्यानं बोललो. भानुदासचा एकही निरोप आलेला नाही, तलाठीअण्णांच्या पुतण्यांचाही नाही. हा खोटारडा माणूस मनानं रचतो आणि तुम्ही ऐकत बसता. साळूबाईंच्या काळजीनं बोललो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगायला हरकत नाही, त्यात मत्सरही होता. अठरा माणसं साडेतीनला त्यांची वाट बघत. मी अंगणात आलो तर ती फक्त पाय आवरून घेत.

तात्या म्हणाले, "पोचलं, साहेब." आणि ताट बाजूला सारून उठले.

साळूबाई माझ्यावर चिडल्या नाहीत, तात्यांवरही नाही. त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती. "मंग मी राख सांगितली, ती कुनाला?"

दुसऱ्या दिवसापासून खाकी कोट खुंटीवर लटकला. साडेतीनला फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजे आणि लिंबाखाली कुणी नसे. तलाठीअण्णा सगळ्यांना सांगत फिरले की मला पहिल्यापासून संशय होता, शिक्का कुठं होता? पण नकाशा त्यांनी उशाखालून काढला नाही. साळूबाईंनी गाठोडं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दीडाची एक भाकरी झाली, एकाची अर्धी. डॉक्टर म्हणाले, तब्येतीत तसं काही नाही.

त्या दिवसांत मला माझी आई फार आठवली. ती काष्टी गावात एकटी राहायची. मी तिला दर महिन्याला न चुकता पत्र टाकत असे: सर्व कुशल आहे, काळजी करू नये. ती गेल्यावर ती सगळी पत्रं मला तिच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. मी ती वाचली. एकाही पत्रात मी तिला काही विचारलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी स्वतः साडेतीनला फाट्यावर गेलो. काय करणार होतो कोण जाणे. बहुधा मीच एखादा निरोप रचून आणणार होतो. गाडी थांबली. कंडक्टर दारातून वाकला आणि म्हणाला, "तात्या कुठंयत? म्हातारीचा निरोप न्हाई का आज बी?"

मला काही समजलं नाही. म्हातारीचा निरोप म्हणजे कसला, असं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. गेले चार महिने तात्या त्याच्याकडे साळूबाईंचे जबाब देत होते. तो ते कारखान्याच्या फाट्यावरच्या चहावाल्याला सांगे, चहावाला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, पोचवी. तात्या दर खेपेला आधीचा पोचला का, हे विचारत आणि खात्री झाल्यावरच नवा देत.

म्हणजे विचारणा तात्यांनी रचलेल्या होत्या, पण जबाब खरोखर जात होते. भानुदास ते जबाब ऐकून घेई, मान खाली घालून उभा राही आणि काही न बोलता निघून जाई, असं चहावाल्याचं म्हणणं.

"पन काल तो सोताच कारखान्याच्या फाट्यावर येऊन बसला हुता," कंडक्टर म्हणाला. "बोलला, आठ दिस झालं आईचं काय आलं न्हाई, ती बरी हाय का इचारा. आन राख गार करूनच घातली, म्हनावं."

मी अक्षरशः पळत आलो. साळूबाईंच्या खाटेशी जाऊन सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी कूस बदलली, माझ्याकडे बघितलं आणि दयेनं म्हणाल्या, "आता तुमी बी सुरू केलं का, साहेब?"

मी शपथेवर सांगितलं. राखेचा दाखला दिला.

"राखेचं साऱ्या बोर्डिंगला ठावं हाय," म्हणत त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

दोन वर्षांत आलेला एकुलता एक खरा निरोप माझ्या तोंडात खोटा झाला होता. आणि ते मीच केलं होतं.

मग मी तात्यांकडे गेलो. ते खाटेवर बसून काठी पुसत होते. मी भानुदासचा निरोप त्यांना सांगितला आणि व्यवस्थापकाच्या आवाजात म्हणालो की आता तुम्हीच साळूबाईंना जाऊन सांगा, तुमचं त्या ऐकतील.

"न्हाई," ते म्हणाले. मग बराच वेळ काठीच्या भोकांवरून अंगठा फिरवत बसले.

"आमच्या घरान्याकडं गावकीचं काम हुतं. मयताचा सांगावा न्यायचा. कुनाचा बाप गेला, कुनाची लेक गेली, पाव्हन्यांच्या गावात जाऊन सांगायचं. शिवंवर घुंगरं वाजली की बाया चुलीम्होरनं उठून दारात यायच्या. मी नाव घ्यायच्या आदीच रडायला लागायच्या. सांगायचं, आन उभ्या उभ्या माघारी फिरायचं. मयताचा सांगावा आननाऱ्याला कोनी बस म्हनत न्हाई, साहेब. चाळीस वर्सं मी खरंच सांगत आलो. एका शब्दाचा फरक न्हाई केला."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "वाटायचं, मरायच्या आदी एक तरी सांगावा असा न्यावा, की ऐकनारानं म्हनावं, पुन्हा सांगा."

मी उभाच होतो. खाटेवर जागा होती, पण बसायचं धाडस होईना. आतापर्यंत मी त्यांना फक्त काम सांगत होतो, हे माझ्या ध्यानात आलं. मी टोपी काढून हातात घेतली.

"सांगावा आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली.

"व्यवस्थापकांचा आहे. म्हणालेत, पंगतीत बोललो ते चुकलं. खोटारडा म्हणायला नको होतं, आणि सगळ्यांसमोर तर नकोच होतं. माफी मागितलीय. आणि विचारलंय, की साळूबाईंना हे खरं वाटावं म्हणून कसं सांगायचं? व्यवस्थापकांना ते येत नाही."

 तात्या काठी बाजूला ठेवून म्हणाले, "समदं गोडच हाय. यात तक्रार कुठंय?"

 

"तक्रार आहे," मी म्हणालो. "नऊ दिवस झाले, तात्यांनी आम्हाला 'पोचलं का' म्हणून विचारलेलं नाही."