आधी वारा, मग पांघरूण

दिवाळी उरकली आणि घोडनदीवरून पहिला बोचरा वारा सुटला, की आमचे शेजारी भिवाआप्पा कुत्र्याच्या पिंजऱ्यात जाऊन झोपतात.

झोपतात म्हणजे रात्रभर नव्हे. दिवस कलला की धोतर गुडघ्याच्या वर खोचून ते रांगत आत शिरतात, उसाच्या पाचटावर अंगाचं मुटकुळं करतात आणि तोंडातली तंबाखू संपेपर्यंत तसेच पडून राहतात. बाहेर फक्त दोन तळवे दिसतात. मग आतून आवाज येतो, "सायेब, डाव्या कानाला लागतंय." मी शेणमातीचा गोळा घेऊन डाव्या कानाच्या दिशेची फट शोधायची आणि लिंपायची. पिंजऱ्याचा मूळ मालक, म्हणजे कुत्रं, माझ्याशेजारी बसून हे सगळं बघत असतं. भाडेकरू आता घर सोडतो की नाही, अशी काळजी त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसते.

आम्ही शिरूरच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बायकोनं मला घाबऱ्याघुबऱ्या खिडकीशी बोलावलं. "अहो, शेजारचे आजोबा कुत्र्याच्या पिंजऱ्यात गेले वाटतं." तिचं 'गेले' म्हणजे वर गेले. मी अनवाणी धावलो. तळव्याला हात लावला तर तो आखडला आणि आतून विचारणा झाली, "कोन हाय? आलाच हाय तर तेवढी उजवी बाजू लिंपा की." ही आमची ओळख. मी शिक्रापूरच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात आहे, एवढं ऐकून आप्पांनी मला 'सायेब' करून टाकलं. लिंपणाचं काम मात्र तेव्हापासून या सायबाकडेच आहे.

आप्पांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. त्यांनी तरुणपणी मेंढरं विकली, नदीकाठी ऊस लावला आणि एका जागी बसले. मेंढरं गेली तरी कुत्र्यांची सवय काही गेली नाही. एसटी डेपोत सापडला तो डेपो. टोलनाक्यावर सापडला तो टोल्या. तिसरी कुत्री आपणहून चालत आली, म्हणून तिला राणी म्हणतात. चार वर्षांमागं उसातल्या बिबट्यानं दारातून एक कुत्रं उचललं. त्यानंतर आप्पांनी वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर बसून तीन लोखंडी पिंजरे करून घेतले. अंधार पडायच्या आत कुत्री आत, कडी बाहेरून. आणि तिथून थंडीची काळजी सुरू झाली.

"मोकळं कुत्रं आपलं आपन जागा हुडकतं," आप्पा मला समजावतात. "चुलीम्होरं पडंल, उकिरड्यावर पडंल. पन कडी आपुन लावली. आता त्येनं ऊब मागाया कुठं जावं, सांगा."

मी पुढच्या आठवड्यात कारखान्यातून थर्माकोलचे तक्ते आणले. पिंजऱ्यांना आतून झकास बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अंगणभर पांढरा चुरा, मधोमध टोल्या, आणि टोल्याच्या मिशांनाही तोच चुरा. आप्पा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सायेब, आदी वारा, मग पांगरूण."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आधी वारा शिरतो ती वाट बुजवा, मग अंगावर काय घालायचं ते घाला. नाहीतर दहा पांघरुणं घातली तरी फुकट. म्हणून पिंजऱ्याच्या गजांवर बाहेरून काड्यांचा कूड आणि त्यावर शेणमाती. खाली विटा, कारण जमिनीची ओल. आत कोरडं पाचट, ते दर चार दिवसांनी बदलायचं. छप्पर बुटकं, कारण कुत्र्याच्या अंगाची ऊब त्यालाच पुरली पाहिजे. आणि तोंड दक्षिणेला. गावातल्या एका वास्तुशास्त्र जाणणाऱ्या गृहस्थांनी सांगून पाहिलं, की दक्षिणमुखी दार घराला वाईट. आप्पा म्हणाले, "वारा उत्तरंचा येतो. तुमी त्येला सांगा दिशा बदलाया, मी लगीच दार फिरवतो."

हे वाक्य ते कुठेही वापरतात. एकदा माझं आणि बायकोचं जोराचं वाजलं. मी बाजारातून साडी आणली. ती साडी पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नाही. आप्पांनी कुंपणावरून सगळं पाहिलं होतं. "आदी वारा, सायेब," ते म्हणाले. "कुठनं गार लागलंय तिला, ते इचारलं का? साडी काय घिऊन आलाय!" मी आत जाऊन विचारलं. पाऊण तास ऐकून घेतलं. साडी दुसऱ्या दिवशी नेसली गेली. तेव्हापासून मी आप्पांना मानतो.

पण दुसऱ्याच्या घरातली फट दिसणं सोपं असतं.

यंदा राणी ऐन थंडीत व्याली. पाच पिल्लं झाली. आप्पा तंबाखू संपल्यावरही संध्याकाळभर तिच्या पिंजऱ्यात पडून राहायला लागले. दाराला गोणपाट होतं, पण गोणपाट दव पितं आणि दुपारपर्यंत ओलंच राहतं. त्याला लोकरच हवी. आप्पांच्या स्वतःच्या घोंगड्या डेपो आणि टोल्या यांच्या दारांवर आधीच गेलेल्या. घरात एकच उरली होती. ती त्यांच्या बायकोच्या, हौसाक्कांच्या ट्रंकेत.

ती घोंगडी हौसाक्कांच्या वडिलांनी लग्नात दिलेली. स्वतःच्या काळ्या मेंढ्यांची लोकर, स्वतः कातलेली. वडील गेले, मेंढ्या गेल्या, माहेर म्हणून हौसाक्कांकडे तेवढी ती घोंगडी राहिली. ती वर्षातून एकदा बाहेर निघते, चंपाषष्ठीला, खंडोबाची तळी उचलताना खाली अंथरायला.

आप्पांनी मेंढ्या कातरायची जुनी कातर काढली आणि घोंगडी मधोमध कापली. अर्धी राणीच्या दाराला आतून लावली, वरून गोणपाट. अर्धी नीट घडी घालून ट्रंकेत परत ठेवली.

चंपाषष्ठीला लेकीच्या सासरचे दौंडहून आले. पाहुणे तळीसाठी गोल करून उभे राहिले. हौसाक्कांनी ट्रंक उघडली, घोंगडी काढली, झटकून अंथरली, आणि ती निम्म्यातच संपली.

"पर निम्मी ठिवलीय की तुला," आप्पा व्याह्यांदेखत म्हणाले. "मापून कापली. एक वीतभर बी इकडं-तिकडं न्हाई."

जमिनीच्या वाटणीत भांडणं मिटवायला हा माणूस पंच म्हणून बसतो. वाटणी बरोबर झाली की तंटा मिटला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. हौसाक्कांनी अर्ध्या घोंगडीवर तळी होऊ दिली, पाहुण्यांना पुरणपोळी वाढली, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

हौसाक्का गप्प बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही. एरवी आम्ही घड्याळ न बघता त्यांच्या आवाजावर उठायचो. आता सकाळी फक्त भाकरी थापल्याचा आवाज यायचा. ताट पुढं सरकायचं, तांब्या पुढं सरकायचा, शब्द नाही.

आप्पांनी कुत्र्यांमार्फत बोलणी लावली. "डेपो, म्हाताऱ्याच्या चहात साखर न्हाई म्हनं," ते मोठ्यानं सांगायचे. डेपो आळस द्यायचा. हौसाक्का दावणीच्या शेळीला सांगायच्या, "ज्येला साखर पायजे त्येनं घ्यावी. डबा काय ट्रंकेत न्हाई." शेळी, डेपो आणि मधे निरोप पोहोचवणारी आमची बायको, असा तो कारभार आठवडाभर चालला. मग आप्पा बाजारातून मखमली ब्लँकेट घेऊन आले, लाल गुलाबांचं. संध्याकाळी ते शेळीच्या पाठीवर होतं.

मला राहवलं नाही. कुंपणावरून म्हणालो, "आप्पा, आधी वारा."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझं मलाच वाईट वाटलं, कारण तेवढ्यात मला दिसलं की माणूस वाळलाय. गालफडं बसली होती.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं दौंडकडं गेले. तिकडच्या माळावर मेंढपाळांचा तळ पडला होता. संध्याकाळी पिशवीभर काळी लोकर घेऊन आले. माळ्यावरून लाकडी चाती शोधली आणि उन्हाला बसून, चाती हातानं गरगर फिरवत, सूत कातायला लागले. चाळीस वर्षांनी. सूत तुटायचं, ते पुन्हा जोडायचे. हौसाक्का धुणं वाळत घालायच्या निमित्तानं तीनदा बाहेर आल्या. तीनदा आत गेल्या.

अबोल्याच्या एकोणिसाव्या दिवशी रविवार होता. मी दात घासत दारात उभा. गवतावर दव होतं. आप्पा सुताचा गुंडा आणि दाभण घेऊन राणीच्या पिंजऱ्यापुढं बसले आणि त्यांनी घोंगडीच्या पडद्याची तार सोडायला हात घातला. मी तोंडातला फेस तसाच टाकून धावलो.

"आप्पा, पिल्लं!"

"अजून दोन गोनपाटं लावतो," ते म्हणाले. "दोन्ही तुकडं जोडून दिऊन टाकतो तिला. तिच्या बापाची हाय ती. मी इचारायला पायजे हुतं. न्हाई इचारलं. चुकलं माझं."

ते माझ्याकडं बघून बोलत होते. पण बोलणं चुलीपर्यंत गेलं.

हौसाक्का फुंकणी हातात घेऊन तरातरा आल्या. "हात लावाल त्या पडद्याला, तर बगा!"

आप्पांचा हात तारेवरच राहिला.

"पाच लेकरांची बाळंतीन आत हाय, आन् तिच्या दारावरचं काढून माज्या अंगावर घालताय व्हय? माजा बाप थंडीत कोकरं घोंगडीत घालून सोता उघडा झोपलेला मी बगितलाय! इचारलं असतं तर मीच दिली नसती का काढून? सगळी दिली असती! आन् ह्ये सूत हाय का दावं? द्या हिकडं!"

गुंडा आणि दाभण हिसकावून त्या आत गेल्या. ट्रंकेतली अर्धी घोंगडी घेऊन ओट्यावर येऊन बसल्या, कापलेल्या कडेची सुटलेली लोकर आत दुमडली आणि आप्पांच्या जाड्याभरड्या सुतानं टाके घालायला लागल्या. हात चालला तसं तोंडही सुटलं. दौंडच्या व्याह्यांपुढं गेलेली अब्रू, लाल गुलाबांचं ब्लँकेट, तंबाखूच्या पिचकाऱ्या, चिखलाचे पाय, चहातली साखर, एकोणीस दिवसांचं सगळं एकदम यायला लागलं. आप्पा मान खाली घालून उभे होते.

मला दया आली. मी पुढं होऊन म्हणालो, "आक्का, जाऊ द्या आता, झालं गेलं..."

आप्पांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"सायेब, मधी बोलू नगा," ते हळूच म्हणाले. "ऐकू द्या मला."