निर्दुग्ध मंडळींची सायंस्वारी आणि दगाजींचे आसव

॥ श्री ॥ जठराग्नी नारायण, ज्याचे आज्ञेवाचून राजा पंगतीस बसत नाही आणि रंक चूल पेटवीत नाही, तो सर्वांचे पोटी प्रसन्न असो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, भृगुवासर, ते दिवशी द्राक्षदेशींचे राजधानीत जे वर्तमान जाहले ते सेवकाने डोळां देखिले आणि जिभेने चाखिले, तैसेच लिहिले. तिखटमीठ लाविले नाही. प्रथम निर्दुग्ध मंडळी म्हणजे कोण, हे सांगणे प्राप्त. ही मंडळी मांस, मासळी, अंडे खात नाहीत, हे तर आपल्याकडे पुष्कळांचे चालत आले. परंतु दूध नाही, दही नाही, तूप नाही, आणि मधमाशीचा मधही नाही. फिरंगी बोलीत यांस व्हीगन म्हणतात. ऐसे लोक प्रवासास निघाले म्हणजे त्यांचे फार हाल, कारण ज्या देशी पाहुण्याच्या भातावर तुपाची धार न पडली तर यजमानाची अब्रू जाते, त्या देशी यांनी जेवावे कोठे? म्हणोन यांच्यासाठी संध्याकाळची एक स्वारी निघो लागली, की वाटाड्याने पुढे चालावे, मंडळींनी मागे चालावे, चार ठिकाणी खावे, शेवटी द्राक्षांचे आसव प्यावे आणि संतोषाने घरी जावे. सेवक या पंथाचा नव्हे. सेवकाचा वरणभात तुपावाचून घशाखाली उतरत नाही. परंतु भाची निर्दुग्ध, तिने स्वारीत नाव घातले होते, तिला ऐन वेळी ज्वर आला, आणि जागा फुकट जाऊ नये म्हणून तिने मामास धाडिले आणि बजाविले की, "मामा, तिथं जाऊन तूप-तूप करू नका."

स्वारीच्या मुख्य अनसूयाबाई ढिकले. वय चाळिशीच्या आतले, अंगाने किरकोळ, आवाज मात्र नगाऱ्याचा. बाईंनी नऊ वर्षे दुसऱ्या एका मातब्बर वाटाड्याच्या पदरी निशाण धरिले. त्या पदरी रिवाज ऐसा की, पाहुण्याने विचारिले, यात तूप आहे काय, तर बेधडक 'छे हो, नावालाही नाही' म्हणावे आणि पुढे चालावे. एके दिवशी कोणी पाहुणी ऐशी फसली, आमटी खाल्ली, फोडणी तुपाची होती हे मागाहून कळले, आणि ती रस्त्याच्या कडेस बसून रडली. ते रडणे अनसूयाबाईंच्या जिव्हारी लागले. मग त्यांनी चाकरी सोडिली आणि स्वतःचे हिरवे निशाण उभारिले आणि नेम केला की, "मी 'निर्धास्त' म्हणेन तेव्हाच घास घ्यायचा. आणि मी चुकले, तर हे निशाण त्याच जागी गुंडाळीन." नेम बोलण्यास सोपा, पाळण्यास कठीण, हे सर्व जाणतातच. ते दिवशी स्वारीत बारा असामी होत्या, त्यांत खाशा इंदुमतीबाई सामंत. यांचे व्रत सतरा वर्षे अखंड. यांनी अमक्या ठिकाणी जेवा म्हणून लिहिले की हजारो निर्दुग्ध तिकडे कूच करितात, आणि जाऊ नका म्हणून लिहिले की त्या दारास काळे कुत्रे विचारीत नाही. अनसूयाबाईंचा हा पहिलाच मोसम. इंदुमतीबाई संतुष्ट जाहल्या तर निशाण राहिले. न जाहल्या तर जुन्या धन्याच्या दारी पुन्हा उभे राहणे आले, आणि तो धनी हसण्यास टपूनच बसला होता.

तो दिवस रथसप्तमीचा. घरोघर अंगणी गोवऱ्यांवर दूध उतू घातलेले, त्याचा करपट गोड वास पेठेत अजून भरलेला, आणि त्या वासातून ही मंडळी नाके वळवीत चालली, आणि सेवक मात्र तो वास छाती भरून घेत मागे चालला. पहिला मुक्काम भाकरीवाल्या मावशींच्या ओट्यावर. तेथे अनसूयाबाईंनी तवा उचलून हुंगिला आणि विचारिले, "मावशी, सकाळपासून ह्यावर काय काय भाजलं?" मावशी बोलल्या, "भाकरी. दुसरं काय असतं माझ्या नशिबात?" "आणि अंड्याची पोळी?" "ती त्या पलीकडच्या तव्यावर. तुमच्यापायी माझ्या संसारात दोन तवे झाले, बाई!" मग बाईंनी निर्धास्त म्हटले आणि मंडळींनी बाजरीची भाकर, ओल्या लसणीचे भरीत, ठेचा आणि वर शेंगदाण्याचे कच्चे तेल ऐसे खाल्ले. सेवकाने लोण्याचा गोळा कोठे दिसतो काय म्हणून इकडेतिकडे पाहिले, न दिसला, मग निमूट घास घेतला, आणि मग दुसरी भाकर मागितली. तेथून मिठाईवाल्याकडे गेले. त्याने या लोकांसाठी एक चूल आणि एक कढई निराळी ठेविली होती आणि गुळाच्या पोळ्या तिळाच्या तेलावर भाजल्या होत्या. तो हात जोडून बोलिला, "ताई, महिनाभर छळलंत मला. बायको म्हणते, तुमच्या धाकानं मी झोपेतसुद्धा कढई घासतो." गुळाच्या पोळीवर तूप नाही हे देखून सेवकाचे डोळां पाणी आले, परंतु खरे ते लिहिले पाहिजे, तिळाचा खमंगपणा ऐसा की तुपाची आठवण तिसऱ्या घासास पुसली. एका बाईमाणसाने दुकानोदुकानी फिरून, तवे हुंगून, लोकांच्या शिव्या आणि थट्टा सोसून, दुसऱ्यांच्या जिभेचा शब्द राखावा, हे काम सेवकाने पूर्वी देखिले नव्हते. गडकिल्ले घेणाऱ्यांचे पोवाडे होतात. तवे हुंगणाऱ्यांचे कोणी करीत नाही.

शेवटला मुक्काम गावाबाहेर दगाजी कापडणीस यांच्या द्राक्षमळ्यात. दगाजी सत्तरीचे, डोईस पांढरी टोपी, हाताचे तळवे द्राक्षांनी कायमचे जांभळे जाहलेले. तीस वर्षे आसव काढीत आले आणि त्यांची ख्याती ऐशी की, दगाजींच्या पेल्यामागे दिवा धरावा आणि वातीचे सूत मोजावे. अनसूयाबाई महिन्यामागे येऊन विचारून गेल्या होत्या, की बाबा, यात द्राक्षांवाचून काय पडते, आणि दगाजी बोलिले होते, "द्राक्षं अन् सबुरी." सूर्य डोंगरास टेकला होता. बारा पेले भरले, मंडळींनी ते मावळतीच्या उजेडात धरिले आणि वाहवा केली आणि काचेच्या पाट्या काढून चित्रे घेतली आणि बाईंच्या शब्दाची वाट पाहत उभे राहिले. बाई आपला पेला घेण्यास आत पिंपांच्या कोठीत गेल्या. तेथे पेला मोठा मिळेल या लोभाने सेवकही मागोमाग गेला. दगाजी खुशीत होते. बाई सहज बोलल्या, "बाबा, इतकं स्वच्छ होतं तरी कसं?" मग दगाजींची छाती फुगली आणि ते सांगो लागले, "ती आमची करामत. एका पिंपाला सहा अंडी. नुसतं पांढरं, पिवळं नाही. चिमूटभर मीठ घालून फेटायचं अन् वरून सोडायचं. गाळ सगळा कवटाळून ते तळाशी जातं. मग वरचं निथळून घ्यायचं. पेल्यात त्याचा कणसुद्धा राहत नाही, ताई, इमानानं सांगतो."

अनसूयाबाईंचा चेहरा ऐसा उतरला की सेवकास पाहवेना. मग सेवकाने जवळ होऊन हळूच मसलत दिली ती येथे लिहितो. "बाई, पेल्यात कण नाही. ठाऊक कोणास नाही. खाशा बाई संतुष्ट आहेत. एक शब्द बोला आणि सुटा. मौनासारखा सोबती नाही." बाईंनी सेवकाकडे पाहिले आणि बोलल्या, "काका, खरं सांगा, तुम्ही यांच्यातले नाही ना?" आणि बाई बाहेर गेल्या आणि बोलल्या, "पेले खाली ठेवा. कोणी पिऊ नका." मग सर्व हकीकत सांगितली, आणि म्हणाल्या, "बाबांनी मला खोटं सांगितलं नाही. यात काय पडतं एवढंच मी विचारलं. काय पडून निघून गेलं, ते विचारायचं मला सुचलं नाही. चूक माझी आहे." आणि निशाण काठीवर गुंडाळो लागल्या. मंडळींत तत्काळ दोन फळ्या जाहल्या. एक म्हणती, कण नाही तर दोष कसला. दुसरी म्हणती, कोंबडीचे घेतले ते घेतलेच. आणि दोहींकडून ऐसा कालवा उठला की मळ्यातले पोपट उडाले. तिकडे बारा भरले पेले कट्ट्यावर रांगेने ठेविलेले, आणि दगाजी पायरीवर बसले आणि बोलिले, "तीस वर्षांत माझा भरला पेला कोणी खाली ठेवला नव्हता." सेवकास राहवेना. पुढे होऊन एक पेला उचलिला, आपण तूपभात खाणारे आहो हे चारचौघांत कबूल केले, आणि प्याला. दोघे-तिघे हसले. दगाजी हसले नाहीत.

मग मंडळी इंदुमतीबाईंकडे पाहू लागली. सर्वांस वाटले की आता अनसूयाबाईंचा निकाल लागला. परंतु इंदुमतीबाई उठल्या आणि दगाजींच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि विचारिले, "बाबा, अंडं घालण्याआधी हे कसं असतं?" "गढूळ." "आणि ते कोण पितं?" दगाजींनी डोईची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "मी." "का बरं?" दगाजींनी इकडेतिकडे पाहिले, चोरी कबूल करणारा पाहतो तैसे, आणि आवाज उतरवून बोलिले, "चव त्यात जास्त असते, बाई. गाळाबरोबर थोडी तीही जाते. पण गिऱ्हाईक डोळ्यांनी पितं, म्हणून निवळावं लागतं. कोपऱ्यातल्या पिंपात आहे थोडं. ते घरचं. पाहुण्याला द्यायचं नसतं." "तेच आणा." "गढूळ पेला पाहुण्याच्या हातात? लाज काढता का माझी?" तेव्हा इंदुमतीबाई बोलल्या, "सतरा वर्षं लोकांच्या घरी प्रेमानं वाढलेलं परत करत आले, बाबा. किती जणांची लाज काढली त्याला गणती नाही. आज पहिल्यांदा कोणाकडे आपणहून काहीतरी मागते आहे. नाही म्हणू नका." ऐसे बोलिल्यावर दगाजींचा इलाज राहिला नाही. उठले आणि आत गेले आणि कासंडी भरून आणिली. रंग चिंचेच्या कोळासारखा, पलीकडचे काही दिसेना. अनसूयाबाई पुढे जाहल्या आणि विचारो लागल्या, की पिंपाच्या फटीस मेण लाविले काय, मधमाशीचे. गाळण्यास फडके कशाचे. कासंडीत पूर्वी काय होते. आणि यात काही घालून काढिले काय. दगाजींनी एकेकाचे उत्तर शपथेवर दिले. मेण नाही, फडके सुताचे, कासंडी पाण्याची, आणि काढिले काहीच नाही, सगळे आतच आहे. पेले भरले. मंडळींनी हाती घेतले आणि बाईंच्या तोंडाकडे पाहू लागले. बाई बोलल्या, "मला आता तो शब्द म्हणवत नाही." इंदुमतीबाई म्हणाल्या, "गोड बोलणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांनीच मला तूप चारलं. 'पिऊ नका' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. 'घ्या'सुद्धा आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे." आणि पेला हाती धरून तशाच उभ्या राहिल्या. बाराही असामी उभ्या राहिल्या. मळ्यात दिवे लागले तरी कोणी हलेना. मग अनसूयाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हटले, "निर्धास्त घ्या." मग सर्व प्याले. दगाजी एकेकाचे तोंड न्याहाळीत होते. कोणी एकाने पेला पुन्हा पुढे केला, तेव्हा म्हातारा प्रथम हसला. आणि निघते समयी इंदुमतीबाई अनसूयाबाईंस बोलल्या, "काळोख पडतो आहे. ते निशाण उघडा, आम्ही कोणामागे चालायचं?"

एणेप्रमाणे ती स्वारी पार पडली. इंदुमतीबाईंनी चांगले लिहिले आणि मंडळी येऊ लागली आणि दगाजींनी एक पिंप न निवळता पाहुण्यांसाठी राखिले, हे सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढेच. परतीचे वाटेने इंदुमतीबाईंनी विचारिले होते, "ते कळलं तेव्हा गप्प राहा असं तुम्हाला कोणी म्हटलं नाही?" अनसूयाबाई बोलल्या, "आत कोण होतं म्हणायला?" सेवक दोन पावले मागे चालत होता, त्याने ऐकिले. हाक मारून खरे सांगावे ऐसे वाटले, परंतु तोंड उघडले नाही. ते आज या कागदावर सांगितले.