राजपुत्र लांडगा यांचे जावळाची बखर

श्रीगजानन प्रसन्न. नाव देणारा तो आणि नाव पुसणाराही तोच, त्यास दंडवत घालोन लिहिणार लिहितो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, ते समयी आमचे दौलतीस घोडे पाहिजे जाहले, आणि कोणी सौदागराने हुजुरांचे कानी घातले कीं पश्चिमेस बहुत दूर, दुनाव नदीपलीकडे, सर्ब लोकांचे एक डोंगरी राज्य आहे, तेथील घोडी काटक. मग हुजुरांनी राजश्री दिगंबरपंत यांस वकिलीची वस्त्रे दिली आणि आम्हांस लिहिणार म्हणोन बरोबर दिले. आमची मर्जी कोणी पुसली नाही. राज्याचे नाव लिहू नये ऐसी तेथील राजाने शपथ घातली आहे, म्हणोन लिहीत नाही. बाकी पदरचे काही घालीत नाही. पंतांविषयी एक गोष्ट आधीच सांगतो. त्यांचे मातुश्रींनी ठेविलेले नाव दगडू. कारकुनी मिळाली तेव्हां पंतांनी ते पुसोन दिगंबर केले, आणि मातुश्रींसही ताकीद केली कीं चार लोकांत जुने नाव घेऊ नये. हे गावात सर्वांस ठाऊक आणि सर्वांस ठाऊक नाही.

तेथे पोचलो तो घोड्यांची गोष्ट काढावयास जागाच नाही, कारण राणीसाहेबांस पुत्र जाहला होता आणि अवघा दरबार नावात गुंतला होता. यापूर्वीचे दोन पुत्र पाळण्यातच गेले होते. त्या लोकांत ऐसी चाल कीं मुलाचे नाव आईबापांनी ठेवू नये, कुमाने ठेवावे. कुम म्हणजे मुलाचा मानलेला धर्मपिता. त्याचे तोंडून निघाले ते निघाले, राजासही फिरविता येत नाही, आणि कुमाने काही मागितल्यास नाही म्हणणे महापाप. तरी सल्ला द्यावयास कोणास बंदी नाही, म्हणोन प्रधान उठोन नावे वाचू लागले आणि आमचा दुभाष्या पेतार आम्हांस अर्थ सांगू लागला. व्लादिस्लाव म्हणजे राज्य करोन कीर्ती मिळविणारा. मिरोस्लाव म्हणजे शांततेने कीर्ती मिळविणारा. बोगदान म्हणजे देवाने दिलेला, आणि हे ऐकोन आम्ही म्हटले कीं आमचा देवदत्त इकडे कधी आला. राडोवान म्हणजे आनंदी, नेनाद म्हणजे ध्यानीमनी नसता आलेला, स्तोयान म्हणजे जो टिकोन राहील तो. मुलींची नावे याहून गोड, दुन्या आणि विश्न्या, दोन्ही आंबट फळे. ज्या देशी मुलीस आंबट फळ म्हणोन कौतुक करितात तेथे सासवांचे काय होत असेल, ते देव जाणे. मग पेतार म्हणाला, “ही मूळची आमची. काही मागाहून धर्मग्रंथाबरोबर आली, जैसे माझे. पेतार म्हणजे दगड. थोर संताचे नाव आहे.” छाती पुढे काढोन म्हणाला. पंतांनी पागोटे सारखे केले आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. आम्ही ते पाहिले.

इतक्यात राणीसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, “याचे नाव वूक ठेवावे.” वूक म्हणजे लांडगा. त्या मुलखात समजूत ऐसी कीं पोरे चेटकिणी खातात, परंतु लांडग्याचे वाटेस चेटकीण जात नाही. म्हणोन ज्यांची मुले जगत नाहीत ते वूक नाव ठेवितात. राजा बहुत संतापला आणि म्हणाला, “लांडगा? शेजारचे राजे पोट धरोन हसतील. गादीवर काय शेळ्या राखावयास बसणार?” राणीसाहेब म्हणाल्या, “आधी तो पाळण्यात राहो, मग गादीचे बघू.” आणि त्यांनी अन्न सोडले, आणि बोलल्या कीं घरच्या कुमाने दोघांस थोर नावे दिली आणि दोघे गेले, आता जुनी चाल करावी: मूल पहाटे चव्हाट्यावर ठेवावे आणि जो प्रथम येईल तो कुम. राजाने वरकरणी हो म्हटले आणि आतून सेनापतीस सांगोन ठेविले कीं देवळाची घंटा होताच तू चालत ये आणि व्लादिस्लाव म्हण.

ही मसलत गुप्त, म्हणोन सर्व सरदारांस कळली. राजपुत्राचा कुम होणे म्हणजे सात पिढ्यांचे भले. मग पहाटेपूर्वीच एकेक सरदार चव्हाट्यानजीक एकेका झुडुपाआड जाऊन बसला, आणि दुसरा उठला कीं त्याचा अंगरखा ओढून खाली बसवावा, ऐसे चालले. आता आमचे पंतांचा नेम ऐसा कीं उजाडण्यापूर्वी तांब्या घेऊन गावाबाहेर जावे. त्या मुलखात ही गोष्ट घराचे मागील दारी उरकतात, ते पंतांस अमंगळ वाटे. त्या दिवशी पंत निघाले आणि पहिल्या झुडुपाआड गेले तो तेथे एक सरदार. पंतांनी रामराम केला आणि दुसऱ्या झुडुपाकडे वळले, तेथेही सरदार. तिसरीकडे तर दोघे, एकमेकांची मानगूट धरोन. पंत मनात म्हणाले कीं या लोकांसही आमचाच नेम आहे, उगाच नावे ठेविली. ऐसे आडोसा शोधीत शोधीत पंत उघड्यावर, नेमके चव्हाट्यावर आले, आणि तेथे टोपलीत पोर रडत होते. मग पंतांनी तांब्या खाली ठेविला आणि पोरास उचलोन खांद्यास लावले. तोच दाई धावत आली आणि ओरडली कीं कुम मिळाला, आणि मागाहून घंटा जाहली, आणि सेनापती चालत आला तो सगळे उरकले होते. पंतांचे तेवढे राहिले.

धर्मगुरू म्हणाले कीं हा परधर्मी, यास पाणी शिंपडण्याचा कुम करिता येत नाही. परंतु परधर्मीयाने मुलाचे केस कापून कुम होण्याची चाल आहे. पंत म्हणाले, “म्हणजे जावळच कीं.” दुसरे दिवशी विधी ठरला. मग राजाने पंतांस एकांती बोलावून म्हटले, “पंत, तुम्ही घोड्यांकरिता आला. उद्या व्लादिस्लाव म्हणा आणि पागेतील हवे ते घोडे न्या. लांडगा म्हणाल तर वाट मोकळी आहे, पायी जा.” पंत बाहेर आले तो राणीसाहेब दारातच उभ्या, मूल हाती. म्हणाल्या, “मी तुम्हांस काही देऊ शकत नाही. दोघांच्या वेळी मी गप्प राहिले, एवढेच सांगते.” पंत बिऱ्हाडी येऊन जेवले नाहीत. आम्ही समजावून सांगितले कीं हुजुरांस काय जाब द्याल, रिकाम्या हाताने गेलो तर वकिली जाईल आणि आमचीही नोकरी जाईल, पोर काय नावाने जगते? पंत म्हणाले, “तुम्हांस थोरले भाऊ किती?” आम्ही म्हटले तीन. पंत म्हणाले, “मग तुम्हांस कळावयाचे नाही.”

विधीचे वेळी धर्मगुरूंनी विचारले कीं कुमाने आधी आपले नाव सांगावे, आईने हाक मारिलेले. पंतांनी पागोटे सारखे केले. मग म्हणाले, “दगडू.” पेतार चमकला आणि त्याने अर्थ सांगितला तेव्हां सरदार हसले. मग पंत म्हणाले, “माझे आधी दोघे गेले. एकाचे नाव राजाराम, दुसऱ्याचे विजय. तिसरा मी जाहलो, तेव्हां आईने म्हटले कीं हा दगड आहे, दगड कोण उचलोन नेतो? मी पन्नाशीस आलो.” आणि पंतांनी कात्री घेतली, कानामागची बट कापली आणि म्हटले, “वूक.” राजाचा हात तरवारीवर गेला. परंतु कुमाचा शब्द; हात तेथेच राहिला. राणीसाहेब रडू लागल्या आणि रडता रडता हसल्या, आणि मुलास त्याच नावाने पुनः पुनः हाक मारू लागल्या. आम्हांस तर समोर घोडे पळताना दिसत होते. मग आम्हांस आठवले, आणि आम्ही मागून पंतांस चिमटा घेतला कीं कुमाचे मागणे मोडीत नाहीत, मागा. पंतांनी घोडे मागितले. राजा पागोट्यापासून जोड्यापर्यंत पंतांस पाहत राहिला आणि म्हणाला, “लांडग्याचे जावळ महाग पडले,” आणि घोडे दिले. चांगले दिले, हे लिहिले पाहिजे.

पुढे तिसरे वर्षी तोच सौदागर आला आणि म्हणाला कीं राजपुत्र वूक खुशाल आहेत, धावतात, आणि मागील महिन्यात सेनापतीचे पोटरीस चावले. पंतांनी त्यास दोनदा वदविले. मग हुजुरांची रजा घेतली आणि आम्हांस बरोबर घेऊन आपले गावी गेले. मातुश्री पायरीवर शेंगा सोलीत होत्या. आम्हां परक्या माणसास पाहोन त्यांनी पदर सावरला आणि शिकविल्याप्रमाणे म्हणाल्या, “या, दिगंबरपंत.” पंत पायरीवर त्यांचे शेजारी बसले आणि म्हणाले, “आई, दगडू म्हण.” मातुश्रींनी आमचेकडे पाहिले. आम्ही मान फिरविली. मग त्यांनी ओंजळीतल्या शेंगा खाली ठेविल्या, पंतांचे तोंडावरोन हात फिरविला आणि म्हणाल्या, “दगड्या, किती रे वाळलास.”

येणेप्रमाणे घोडे आले, पोर जगले, आणि पंत त्या दिवसापासोन कागदावर दगडोपंत सही करू लागले. हसणारे हसले. पाहिले तैसे लिहिले, अधिकउणे वाचणाराने पदरी घ्यावे.