बिनखर्चाची हाक

फोनची रिंगटोन बदलायची, एवढंच आवकरावांनी ठरवलं होतं. (ऑफिसात येणारं टपाल नोंदवून घेणारे ते आवक कारकून. खरं नाव पगारपत्रकात असेल, पण हाक मारताना सगळे आवकरावच म्हणत.) बदलायला कारणही तसंच होतं. ऑफिसात निम्म्या लोकांचे फोन एकाच कंपनीचे, एकाच सुराचे. कुठे टिंगटिंग झालं की भराभर हात खिशांत जायचे आणि फोन निघायचा भलत्याचाच.

पण रिंगटोन विकत घ्यायची म्हटलं की आवकरावांच्या अंगावर काटा यायचा. मागे एकदा ‘मोफत’ लिहिलेलं बटण त्यांनी भाबडेपणाने दाबलं होतं. गाणं काही आलं नाही, बॅलन्स मात्र रोज थोडा थोडा जायला लागला. तक्रारीच्या नंबरवर एका गोड आवाजाच्या बाईने त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि त्या ताटकळण्याचेही पैसे कापले. तेव्हापासून छुपे चार्जेस हुडकायला ते भिंग घेऊन बसत. एका कंपनीच्या अटी वाचता वाचता त्यांना डुलकी लागली, आणि जाग आली तोवर अटी बदललेल्या होत्या.

शेवटी समोरच्या टेबलावरच्या कॅशियरने डोकं चालवलं. तुमच्याच फोनमध्ये एखादा आवाज रेकॉर्ड करा आणि तोच लावा, म्हणाला, त्याला कोण चार्ज लावणार? आवकराव हरखले. त्याच संध्याकाळी फोन हातात धरून ते घरभर आवाज शोधत फिरले. नळाची धार घेतली, पण ती ऐकली की त्यांना दर वेळी बाथरूमला जावंसं वाटायचं. दाराची कुरकुर घेतली, ती फारच रडवेली निघाली. मग त्यांनी स्वतःच शीळ घातली. शीळ ऐन रंगात आली असताना स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “अहो, ऐकलंत का? किती हाका मारायच्या माणसाने?”

शीळ वाया गेली, पण हाक काय झकास उतरली होती! खणखणीत, दोन भिंती पार करून आलेली, आणि ऑफिसात दुसऱ्या कुणाकडे असणं शक्यच नाही अशी. (इतरांच्या बायका हाका मारत नाहीत असं नव्हे. पण त्या त्यांच्या त्यांच्या.) आवकरावांनी तीच लावून टाकली. बायकोला अर्थातच सांगितलं नाही. घरी आले की ते फोन मुका करून ठेवत.

ऑफिसात रिंगटोनचं कौतुक झालं. एकच बारीकशी अडचण होती. फोन वाजायचा, सगळं ऑफिस माना वर करायचं, आणि आवकराव आपले टपालावर शिक्के मारत राहायचे. मग कॅशियरला ओरडून सांगावं लागायचं, की आवकराव, वहिनी बोलावताहेत. आवकरावांनी याचा अर्थ असा लावला की आपण कामात फार गढून जातो.

अशात ऑफिसच्या क्वार्टर्सची यादी लागली. हा मात्र चेष्टेचा विषय नव्हता. राहत्या घरातल्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. भरदुपारी दिवा लावून बायको भाजी निवडायची. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याकडे हट्टाने मागितलं ते एवढंच, की एक खिडकी हवी, हात पुसता पुसता बाहेर बघता येईल अशी. रिकाम्या झालेल्या क्वार्टरला तशी खिडकी होती आणि यादीत आवकरावांचं नाव पहिलं होतं. वसाहतीचे साहेब सुट्टीच्या दिवशी फोन करून होकार घेणार होते. फोन उचलला नाही, तर घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं.

त्या दिवशी सकाळपासून बायकोने नवऱ्याला फोनचा आवाज चालू ठेवायला बजावलं होतं. ती धुतलेले कपडे घेऊन गच्चीवर गेली, तेव्हा आवकरावांनी निर्धास्तपणे आवाज पूर्ण वाढवला, फोन तिपाईवर ठेवला आणि त्याच्याकडे टक लावून बसले. पण माणूस टक लावून बसणार तरी किती? त्यांनी पेपर उघडला. आत शब्दकोडं निघालं.

बायको रिकामी बादली घेऊन जिना उतरली, तर घरातून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ती दारात थबकली. आत तिपाईवरून ती नवऱ्याला हाका मारत होती, “अहो, ऐकलंत का? किती हाका मारायच्या माणसाने?” आणि पेपरामागून नवरा म्हणत होता, “हं... आलोच.”

हाका थांबल्या. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाल्या. “हो गं, ऐकतोय,” पेपरामागून उत्तर आलं आणि पान उलटलं गेलं.

तिसऱ्या खेपेला तिने बादली तिथेच टाकली आणि धावत जाऊन फोन उचलला. वसाहतीचे साहेब वैतागले होते. हा शेवटचा फोन, म्हणाले, घर हवंय की नको? ती म्हणाली, हवंय, फक्त स्वयंपाकघराची खिडकी उघडते ना तेवढं सांगा. उघडते, म्हणाले.

फोन ठेवून ती खुर्चीवर टेकली. आवकराव पेपर खाली करून बघत राहिले. खिडकी मिळाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर यायला हवा होता, तो काही येईना.

“मला आपलं वाटायचं, आतून मारलेली हाक तुमच्यापर्यंत पोचत नसेल,” ती म्हणाली. “मधे भिंत येते ना.”

आवकरावांचे कान लाल झाले. त्यांना मनापासून लाज वाटली. चुकलं माझं, ते म्हणाले, उद्याच्या उद्या विकतची रिंगटोन घेतो, छुपे, उघडे सगळे चार्जेस भरून.

“काही नको. द्या तो फोन इकडे,” ती म्हणाली. “तुम्हाला काय ऐकू येतं ते मला माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आवकराव दाढी करत होते. बाथरूमचं दार बंद, नळ सोडलेला. बाहेर बायको कुणाशी तरी अगदी दबक्या आवाजात बोलत होती, “हळू बोल गं ताई, हे घरातच आहेत. काय सांगू तुला, यांचं ना...” आवकराव अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर धावले. ताई नव्हती, कुणीच नव्हतं. तिपाईवर फोन वाजत होता आणि बायको भाजी निवडत गालातल्या गालात हसत होती.

तेव्हापासून आवकरावांचा एकही फोन चुकलेला नाही. ऑफिसात ते पहिल्या ‘हळू बोल’लाच झडप घालतात. त्यामुळे ‘यांचं ना’च्या पुढे काय आहे, ते खुद्द त्यांनाही ठाऊक नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणते, ऐका की मग शेवटपर्यंत. एकट्याने लावून ऐकायचा त्यांना धीर होत नाही.

परवा साहेबांनी बोलावलं म्हणून ते फोन टेबलावर ठेवून आत गेले. परत आले, तर सगळं ऑफिस माना खाली घालून कामाला लागलेलं. इतकी शांतता तिथे कधी नसते. त्यांनी कॅशियरला हळूच विचारलं, माझा फोन वाजला का?

“वाजला,” कॅशियर म्हणाला. “पूर्ण वाजला.”

“मग?”

कॅशियरने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“वहिनींचं अगदी बरोबर आहे,” तो म्हणाला.