मुखेडची गैरहजर बाई

मलप्पाच्या मते अख्ख्या लातूर जिल्ह्यात खरा गुप्तहेर एकच होता, आणि तो त्याला रोज सकाळी आरशात दिसायचा. जगाला हे अजून कळलं नव्हतं, हा जगाचा ढिसाळपणा.

रेणुकादास साहेबांनी मात्र त्याला बोलावलं. क्लासवाल्यांना सराव परीक्षा तयार करून देणारं त्यांचं ऑफिस. सहा जण लातुरात बसायचे, बुद्धप्रिया एकटीच मुखेडहून घरबसल्या काम करायची.

"रोज मीटिंग होते. मागंपुढं का होईना, सहाही जण येतात. समोर कॉम्प्युटर चालू, पण ही बाई पडद्यावर येतच न्हाई! शनिवारपर्यंत छडा लावा. मग एक तर तिनं लातूरला यावं, न्हाईतर काम सोडून घरी बसावं."

"साहेब, घरीच तर बसल्यात."

मलप्पानं एसटीनं मुखेड गाठलं. तिच्या खिडकीसमोरच्या रसवंतीत बसून चार ग्लास रस रिचवला. बाई नऊपासून कॉम्प्युटरसमोर, जागची हलेना. तिथंच त्याचा संशय पक्का झाला. पगारी माणूस अर्ध्या तासाला चहाला उठतो. ही उठत नाही, म्हणजे दोन नोकऱ्या! दुपारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. म्हणजे खानावळही चालवते.

शेवटी तो थेट दारात उभा राहिला. "कबूल करा. मीटिंगला का येत न्हाई?"

"कोणती मीटिंग, दादा? मला कुणी सांगितलंच न्हाई. मी आपली काम करून राहिले." बुद्धप्रियाचे डोळे भरून आले. "लातूरला राहायचं म्हणलं तर तीन वर्षांचं लेकरू कुणाकडं ठेवू?"

मलप्पाला गलबलून आलं. पण गुप्तहेराला ते शोभत नाही, म्हणून त्यानं वहीत लिहिलं: अभिनय उत्तम. नाटकातही असावी.

शनिवारी तो साहेबांना तिचे तिन्ही धंदे ऐकवत होता. कपबशा गोळा करणाऱ्या सरजाबाईंना राहवेना.

"साहेब, तुमच्या मनात आलं की मीटिंग. तुम्ही मला सांगता, मी टेबलाटेबलाला हाळी देते, 'चला, साहेब बोलवून राहिले.' माझी हाळी मुखेडला जाती व्हय?"

साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

"मी हेच म्हणणार होतो," मलप्पा म्हणाला.

सोमवारी सत्कार होईल या आशेनं तोही आला होता. सरजाबाईंनी टेबलांना हाळी दिली आणि मुखेडला फोन लावला, "ये गं माय, मीटिंग हाय." लगेच बुद्धप्रिया पडद्यावर हजर, लेकरू मांडीवर.

"तू तिथंच राहा, बाई. लातूरला यायचं काम न्हाई," साहेब म्हणाले.

तिला हसू आवरेना. मग पडद्यातूनच खोलीत नजर फिरवून तिनं विचारलं, "साहेब, बाकीचे कुठं हाईत?"

सहाही खुर्च्या रिकाम्या होत्या; हाळी ऐकून सगळे 'आलोच' म्हणत चहाला गेले होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लेकरू झोपलं.

साहेब मलप्पाच्या कानाशी वाकले. "सहा माणसं शोधायला किती दिवस लागतील?"