मानीव फेरी

मूल झाल्याने माणसाचं आयुष्य मुळीच बदलत नाही, याबद्दल ज्यांना अद्याप मूल झालेलं नाही अशा सर्व जाणकारांचं एकमत आहे. २०१६च्या उन्हाळ्यापर्यंत मी आणि माझी बायको क्लॅरिसा त्याच जाणकारांत मोडत होतो. ऑगस्टमध्ये आम्हाला जुळे मुलगे झाले, रूबेन आणि जोएल, आणि तरीही आम्ही ते मत सोडलं नाही. चिकाटी हा आमचा स्थायीभाव आहे. (क्लॅरिसा अलीकडे याला दुसरा शब्द वापरते.)

आम्ही आउटडोअर कुटुंब आहोत. हे बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. मी वसईचा, ती ठाण्याची. थंडी म्हणजे नाताळच्या मिस्साला जाताना कपाटातून काढायचा स्वेटर, एवढीच आमची समजूत. पण कॅनडातल्या केंब्रिजला आल्यावर तीन वर्षांत आमच्याकडे एक कनू (वल्ह्याची होडी), दोन तंबू आणि बर्फात चालायच्या चपट्या बुटांचे चार जोड झाले. सोफा चौथ्या वर्षी आला. तोवर पाहुण्यांना आम्ही कँपिंगच्या खुर्च्यांवर बसवत होतो आणि त्यांना ते आवडतं असं समजत होतो.

केंब्रिज आणि आसपासच्या मराठी माणसांचं एक भटके मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष उल्हासकाका, वय त्र्याहत्तर, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एकोणसत्तर साली इथे आलेले. मंडळाची घटना एकवीस पानांची असून त्यातली चार पानं मोज्यांवर आहेत. मंडळाचा मुख्य उपक्रम म्हणजे 'हिवाळी शतक'. पंधरा नोव्हेंबर ते एकतीस मार्च या काळात जो शंभर दिवस, दररोज किमान वीस मिनिटं, उघड्या आकाशाखाली काढेल त्याला एप्रिलच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, प्रमाणपत्र मिळतं. आदल्या वर्षी ते अकरा सभासद आणि एक लॅब्रडॉर यांना मिळालं होतं.

मी दोन्ही मुलांचे फॉर्म भरले. मुलं तेव्हा तीन महिन्यांचीही नव्हती. 'पूर्वानुभव' या रकान्यात उल्हासकाकांनी स्वतःच्या हाताने 'नवोदित' असं लिहिलं. मला दोघांचीही शतकं हवी होती. एकाचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि दुसऱ्याचं नाही, असा भेदभाव माझ्या घरात होणार नाही, हे मी दिवाळीच्या पॉटलकमध्ये सर्वांदेखत बोलून बसलो होतो.

इथे माझ्या व्यवसायाबद्दल सांगणं भाग आहे. मी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दरवाजा आणि चौकट यांच्यातली फट बरोबर आहे की नाही हे पाहणं माझं काम. आमच्या लाइनवरून साधारण मिनिटाला एक आख्खी गाडी बाहेर पडते. दोन तान्ही मुलं एका दारातून बाहेर काढायला कितीसा वेळ लागणार, असा विचार माझ्यासारख्या माणसाच्या मनात येणं साहजिक होतं.

मी पद्धत लिहून काढली. प्रथम डायपर. मग थर्मल, त्यावर वन्झी, त्यावर फ्लीस, दोन मोजे, दोन बुटी, दोन मिटन्स, टोपी, आणि या सगळ्यावर स्नोसूट, ज्यात मूल घातल्यावर ते मूल राहत नाही, पार्सल होतं. डायपर सोडून एकूण अकरा वस्तू. दोन मुलांच्या मिळून बावीस, ज्यांपैकी एकवीस सापडतात.

पहिल्या आठवड्याची सरासरी पुढीलप्रमाणे होती. तयारी: एक तास बारा मिनिटं. प्रत्यक्ष बाहेर: सहा मिनिटं. परत आल्यावर कपडे उतरवणे: चाळीस मिनिटं. 'पुन्हा या भानगडीत पडणार नाही' असं म्हणणे: क्लॅरिसा दोनदा, मी एकदा (बेसमेंटमध्ये जाऊन).

दोष कुठे आहे ते माझ्या अनुभवी नजरेला लगेच दिसलं. पहिलं मूल तयार होऊन बसतं, दुसऱ्याचं चालू असतं, आणि घर तापवणारा फर्नेस बावीस अंशांवर असतो. पहिलं मूल आतल्या आत उकडतं, ओरडतं, त्याचे कपडे काढावे लागतात, तोवर दुसरं तयार होतं आणि उकडायला लागतं. यावर मी 'क्रमवार निर्गमन' सुरू केलं. जो आधी तयार होईल त्याला घेऊन एकाने लगेच बाहेर पडायचं, दुसऱ्याला घेऊन दुसऱ्याने मागून यायचं. आज पहिला नंबर रूबेनचा, उद्या जोएलचा. शिवाय चौथं कलम: रडणाऱ्या मुलाला बळजबरीने कपडे चढवू नयेत, त्याने शांत होण्याची वाट पाहावी. हे कलम निव्वळ माणुसकीचं होतं आणि मला त्याचा विशेष अभिमान होता.

आता झालं असं, की टोपी घातली की रूबेन हसायचा आणि जोएल रडायचा. त्यामुळे चौथ्या कलमानुसार जोएलला थांबवून रूबेनला पुढे घेतलं जायचं. रूबेन वीस मिनिटं फिरून लाल होऊन परत यायचा तेव्हा जोएल नुकताच शांत झालेला असायचा, म्हणजे दुधाची वेळ झालेली असायची. दूध झालं की झोप. झोप झाली की अंधार. (इथे डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो. याबाबत मंडळाच्या घटनेत काही तरतूद नाही.)

यात जोएलचा काय दोष? त्याची तयारी झाली होती, इरादा आमचा होता, अडचण हवामानाची होती. अशा मुलाची एक फेरी बुडवणं मला अन्यायाचं वाटलं. तेव्हा मला माझ्या सासूबाईंच्या ठाण्यातल्या सोसायटीची आठवण झाली. बिल्डरने तिथे जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर सरकारने 'मानीव अभिहस्तांतरण' अशी सोय काढली. जे बिल्डरने केलं नाही ते झालं असं मानायचं, आणि तसा कागद द्यायचा. आपल्या लोकांनी जगाला शून्य दिलं म्हणतात. मला ही देणगी त्याहून मोठी वाटते. त्या दिवशी मी फेऱ्यांच्या वहीत जोएलच्या रकान्यात लिहिलं: 'मानीव फेरी, १.'

मानीव फेरीचे निकष सुरुवातीला कडक होते. मुलाला सर्व अकरा वस्तू चढवलेल्या असाव्यात आणि दार उघडून त्याच्या तोंडाला वारा लागलेला असावा. डिसेंबरच्या मध्यावर वाऱ्याची अट शिथिल झाली. पुढे, आठवड्याच्या दिवशी क्लॅरिसा एकटी असल्याने ती जोएलला मागच्या काचेच्या दाराशी बाउन्सरच्या झुलत्या खुर्चीत ठेवायची आणि रूबेनला स्लेजमध्ये बसवून अंगणात त्याच्या नजरेसमोर गोल गोल ओढायची. जोएलला बाहेरचं सर्व दिसत होतं. म्हणून तीही धरली. जानेवारीअखेर टोपी नुसती दाखवणं पुरेसं ठरू लागलं. फेब्रुवारीत टोपीचा उल्लेख.

रोजचं कारण रोज खरं होतं, एवढं माझ्या बाजूने सांगतो. आज दात येतायत, आज उणे बावीस आहे, आज ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करण्यात वेळ गेला. शनिवार-रविवारी मी नदीकाठच्या ट्रेलवर जायचो, आणि छातीशी एकच मूल बांधता येतं. रूबेन तिकडे खुश असतो म्हणून मी रूबेनला बांधायचो. हळूहळू मी लोकांना सांगूही लागलो की रूबेन माझ्यावर गेलाय, आणि जोएल, काय आहे, इनडोअर टाइपचा आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या सासूबाई, इमेल्डा, ठाण्याहून आल्या. वहीत तेव्हा रूबेन चौऱ्याऐंशी आणि जोएल चौऱ्याऐंशी असा बरोबरीचा सामना होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दोघांना मांडीवर आडवं घेऊन खोबरेल लावत बसल्या होत्या.

"ज्युड," त्या म्हणाल्या, "याचे गाल बघ. वाऱ्याने फुटलेत अगदी."

"आउटडोअर बेबी आहे मम्मी," मी म्हणालो.

"आणि याचे?" त्यांनी जोएलच्या गालावरून बोट फिरवलं. "हे तर लोणी आहे. तुम्ही याला घेऊन बाहेर गेलाय तरी का कधी?"

मी वही आणली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश, पानन् पान वाचली. मानीव म्हणजे काय ते विचारलं. मी समजावून सांगितलं. सोसायटीचा दाखलाही दिला.

"सोसायटीचा कागद मिळाला," त्या म्हणाल्या, "पण पार्किंगमध्ये गाड्या अजून बिल्डरच्याच लागतात." आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "पोर वहीत बाहेर गेलंय, बाबा. गाल घरातच आहेत."

क्लॅरिसा सिंकपाशी बाटल्या धूत होती. तिने नळ बंद केला.

"किती वेळा गेलाय तो? रिअली?"

आम्ही बसून मोजलं. मिस्साला जाताना कारसीटवर ब्लँकेट टाकलेलं असतं, ते धरलं नाही. उरल्या दोन. एकदा लसीच्या दिवशी पार्किंग लांब मिळालं म्हणून. एकदा क्लॅरिसाने सुके बोंबील भाजले, स्मोक अलार्म बोंबलू लागला, आणि ती त्याला टॉवेलात गुंडाळून पोर्चवर उभी राहिली होती.

"त्याला आवडत नाही बाहेर," मी म्हणालो. "ही इज जस्ट नॉट दॅट काइंड ऑफ किड."

"सहा महिन्यांचा आहे तो, ज्युड," क्लॅरिसा म्हणाली आणि रडायला लागली. "आणि मी रोज त्याला काचेतून टाटा करत होते."

मला लाज वाटली. ती कोणत्या निकषात बसते ते शोधायचा प्रयत्नही मी केला नाही. एका मुलावर मी प्रेम करत होतो आणि दुसऱ्याची नोंद ठेवत होतो. नोंद इतकी व्यवस्थित होती की फरक कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जोएलला मी न्यायचं ठरलं. अकरा वस्तूंपैकी दहा चढल्या. टोपी डोक्याला लागताच त्याने नेहमीप्रमाणे टाहो फोडला. मी सवयीने चौथं कलम सांगू लागलो. मम्मींनी टोपी काढून माझ्याच कपाळावर दाबली.

"बर्फ आहे नुसता! तुला घालू का?"

चौकशीअंती पुढील बाब उघड झाली. रूबेनची टोपी रोज बर्फात भिजायची, म्हणून रोज ड्रायरमध्ये जायची आणि त्याला गरमागरम घातली जायची. जोएलची टोपी कधी भिजतच नसल्याने ती कायम बाहेरच्या दाराशी टोपलीत पडलेली असायची, जिथे दाराच्या फटीतून वारा येतो. (दरवाजा आणि चौकट यांच्यातली ही फट सहा मिलिमीटर निघाली. माझ्या लाइनवर मी अशी गाडी पुढे जाऊ दिली नसती.) म्हणजे मुलगा बाहेर जात नव्हता म्हणून टोपी गार होती, टोपी गार होती म्हणून मुलगा रडत होता, मुलगा रडत होता म्हणून बाहेर जात नव्हता, आणि यावरून मी त्याचा स्वभाव ठरवला होता.

मम्मींनी टोपी दोन मिनिटं स्वतःच्या स्वेटरच्या आत धरली आणि मग घातली. जोएलने एकदा मान हलवली. बस.

आम्ही वीस मिनिटं बाहेर होतो. उणे अकरा होतं. त्याने रस्त्यावरून जाणारी बर्फ उपसायची गाडी पाहिली, मग बराच वेळ माझ्या हनुवटीकडे पाहिलं, एकदा शिंकला, आणि ज्याची नोंद करता येईल असं काही केलं नाही. मी त्याला सॉरी म्हणालो. उणे अकराला डोळ्यांत पाणी येणं पापण्यांसाठी चांगलं नसतं, पण आलं.

त्या संध्याकाळी मी उल्हासकाकांना ई-मेलने सविस्तर पत्र पाठवलं. रूबेन चौऱ्याऐंशी, जोएल तीन, दोन्ही फॉर्म रद्द समजावेत. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. मला वाटलं घटनेतलं कलम वाचून दाखवतील.

"ज्युड," ते म्हणाले, "माझे दोन मुलगे. थोरल्याला घेऊन मी पाच वेळा कनू ट्रिपला गेलो. धाकट्याला दर वेळी होमवर्क असायचं."

"हो का," मी म्हणालो.

"होमवर्क असायचं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही रे. आता तो विनिपेगला असतो. नाताळला कार्ड पाठवतो." मग घसा खाकरून म्हणाले, "फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवतो. त्या वेळी घरी कोण राहिलं होतं."

पुढच्या हिवाळ्यात तो रकाना छापून आला. शतकासाठीचे अर्ज चाळीसवरून दोनवर आले, त्यांतला एक लॅब्रडॉरचा. मंडळाच्या इतिहासात एवढी पारदर्शकता पूर्वी कधी आली नव्हती, आणि ती परवडत नाही असं लक्षात आल्यावर वर्षभरात एकमताने मागे घेण्यात आली.

आता वाचकांना एक विनंती. ज्यांना दोन मुलं आहेत त्यांनी दोघांची नावं मनातल्या मनात घ्यावीत. घेतलीत? ज्याचं नाव मागून आलं त्याचं ते मागूनच का आलं, याचं कारण तुमच्याकडे तयार असणार: तो धाकटा आहे, म्हणून. रास्त कारण आहे. मीही मम्मींना तेच सांगायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं, कारण जोएल रूबेनपेक्षा चार मिनिटांनी मोठा आहे. हॉस्पिटलच्या कागदावर तसं स्वच्छ लिहिलंय. मी त्याला या मजकुरात एकदाही धाकटा म्हटलेलं नाही, हवं तर पुन्हा पाहा. ते तुम्ही मानून घेतलंत.