नामवंत जोशींचा सत्कार

मी एकदा ठरवलं की ठरवलं! ओंटारियोतल्या नामवंत जोशींचा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, टाळ्या! यादीत पाच नावं पक्की होती, सहावं माझं. खोटं कशाला बोलू, सगळा खटाटोप त्या सहाव्यासाठीच होता. ग्वेल्फमध्ये तीस वर्षं इंजिनिअर म्हणून राबलो, पण रिटायर होताना ऑफिसनं केक कापला आणि विषय संपवला. आपल्याकडे शाल पडल्याशिवाय माणूस मोठा होत नाही हो!

"समोर बसणार कोण?" शोभानं, म्हणजे आमच्या हिनं, विचारलं.

"बाकीचे जोशी!"

फोन सुरू केले. आमच्या ओंटारियोतल्याच लंडनच्या डॉक्टर प्रमोदिनी जोशी म्हणाल्या, "नुसत्या टाळ्या वाजवायला नॉर्थ यॉर्कच्या हॉलपर्यंत दोन तास ड्राइव्ह करू? यादीत घालत असाल तर येते."

घातलं! हे कळताच निमिष जोशीचा फोन. त्यानं म्हणे भर विंटरमध्ये बेसमेंटमध्ये कारली पिकवली होती. तोही नामवंत! एकाला घेतलं की दुसरा रुसायचा. पण माघार घेईन तर जोशी कसला? मला धरून बावीस शाली मागवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी वीस नामवंत स्टेजवर दाटीवाटीनं बसले. खाली साठ खुर्च्या, सगळ्या रिकाम्या!

"आजोबा, where's the audience?" कॅमेरा घेऊन उभी असलेली नात, ईशिता, ओरडली.

तेवढ्यात प्रमोदिनीताई आल्या, सोबत नवरा. "हे शैलेंद्र. हेही जोशीच! यांचं नाव राहिलं वाटतं?"

शाली बावीस, जोशी तेवीस! "हे खाली बसले तर..." मी चाचरलो.

"एकटेच? कसं दिसेल ते!"

कार्यक्रमाचे अध्यक्ष दादासाहेब जोशी, स्टेजवरच्या वीसांतलेच एक, वय चौऱ्याऐंशी. त्यांनी तोडगा काढला. "नंदन, तू घरचाच. तू बस खाली. आणि टाळ्या जोरात हं!"

माझी शाल शैलेंद्रना गेली. पण कार्यक्रम माझा होता, तो पार पाडणारच! पहिल्या रांगेत बसलो. बावीस सत्कार, बावीस भाषणं. कारल्यांवरच वीस मिनिटं गेली. तळहात लालबुंद झाले, पण एक टाळी चुकवली नाही. चहा करून आलेल्या शोभानं मागच्या दारातून माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा पहिला कप मलाच आणून दिला. ते जास्त लागलं.

शेवटी दादासाहेब आभाराला उभे राहिले. "आणि आपल्या रसिक प्रेक्षकवर्गाचे मनःपूर्वक आभार!"

बावीस जोशींनी टाळ्यांचा कडकडाट केला. खरं सांगतो, डोळे भरून आले. मग अख्खा प्रेक्षकवर्ग एकमतानं उठून उभा राहिला आणि मी सगळ्यांना वाकून नमस्कार केला.